शिट्टीची कवळी

"आ करा. अजून. तोंड आहे का तिजोरी? उघडा नीट. आणि मधे बोट घालू नका, मेण आहे ते. जरा जास्त दाबलंत तर समोरचे चारही दात फरशीवर, मग बसा शोधत."

खुर्चीतल्या माणसानं बोट काढून शर्टाला पुसलं. मेणमावशीनं वरची कवळी त्याच्या टाळूला लावली, अंगठ्यानं दाबली, मग खालची बसवली. दोन पावलं मागं सरून ती मान वाकडी करून बघत राहिली, नवीन भांड्याचा पोचा शोधावा तशी.

"चावा. हं. आता आकडे म्हणा, पन्नासपासून साठपर्यंत."

त्यानं म्हटले. सगळे नीट आले.

"हसा. बरे दिसता की. बायको ओळखायची नाही."

"मावशी," तो म्हणाला, "शिट्टी वाजत नाही."

"कसली शिट्टी?"

"माझी. कामाची."

त्यानं ओठ मागं ताणले, जीभ वर नेली आणि फुंकलं. नुसतं फुस्स झालं. बाकावर त्याचा मेहुणा पिशवी मांडीवर घेऊन बसला होता. तो म्हणाला, "दाजी, सायकलची हवा गेली बघा."

"तू गप रे," दाजी म्हणाला.

मावशी स्टुलावर बसली आणि तिनं हातातली सुरी खाली ठेवली. सुरी खाली ठेवली म्हणजे ही आता उठणार नाही, हे त्या खोलीत सगळ्यांना ठाऊक होतं. खोली म्हणजे सरकारी दातांच्या दवाखान्यातली तळमजल्यावरची, जिथं कवळ्या बनतात. एका भिंतीला प्लास्टरची पोती, दुसरीला फळ्या, आणि फळ्यांवर माणसांच्या जबड्यांचे पांढरे साचे नंबर घालून ओळीनं ठेवलेले. नवीन माणूस आत आला की आधी दारात थबकतो. मावशीला मात्र त्या जबड्यांची इतकी सवय की जेवणाचा डबा ती त्यांच्यामधेच ठेवते.

"शिट्टीचं नीट सांगा," ती म्हणाली. "पहिल्यापासून."

दाजी लाकडाच्या वखारीत कामाला. मोठे ओंडके ट्रकमधून उतरवून थप्पी लावायची, ते क्रेन करते. क्रेनवर हा मेहुणा. तो वर केबिनमधे बसतो, आणि थप्पीच्या पलीकडं काय चाललंय ते त्याला दिसत नाही. दाजी खाली उभा राहून दोन्ही हातांनी ओंडक्याचा दोर सांभाळतो आणि तोंडानं शिट्टी मारतो. एक लांब म्हणजे उचल. दोन आखूड म्हणजे थांब. तीन म्हणजे सोड खाली. सव्वीस वर्षं दोघांचं असंच चाललं होतं. लग्न सुद्धा या शिट्टीतूनच जमलं, असं मेहुणा म्हणतो. "हा माणूस थांब म्हणाला की मी थांबतो, म्हटलं बहीण द्यायला हरकत नाही."

मग दाजीच्या हिरड्या गेल्या. एकेक दात हलायला लागला, पू यायला लागला, आणि तीन महिन्यांपूर्वी वरच्या मजल्यावर उरलेले सगळे काढून टाकले. दातांबरोबर शिट्टी गेली.

"लोखंडी शिट्टी मिळते की बाजारात," मावशी म्हणाली.

"आणली होती. पण ती धरायलाही दात लागतात. ओठातून सटकते. दोन्ही हात दोराला, उचलू कशानं?"

"आणि ऐकायला मी आहे ना," मेहुणा म्हणाला. "दुसऱ्या क्रेनला लोखंडी, गेटवाल्याकडं लोखंडी. सगळ्यांचा आवाज एकच. परवा गेटवाल्यानं ट्रक अडवायला शिट्टी मारली आणि मी ओंडका हवेत थांबवला. खाली पाच माणसं माना वर करून उभी. दाजींची शिट्टी मला झोपेतसुद्धा कळते."

आता दाजीच्या जागेवर दुसरा माणूस होता आणि दाजी वखारीत साली आणि भुसा झाडत होता. मुकादमानं सांगून ठेवलं होतं, महिनाअखेरपर्यंत शिट्टी आली तर दोर तुझा, नाही तर झाडू तुझा. महिना संपायला बारा दिवस होते.

मेणमावशीला हे असं विचारायची खोड कशी लागली, ते सांगायला हवं.

ती मूळची मेणबत्तीच्या कारखान्यातली. सोळाव्या वर्षी लागली आणि तेरा वर्षं तिनं मेणबत्त्या घासल्या. साच्यातून निघालेल्या मेणबत्तीला शिवण राहते. ती शिवण गरम कापडानं पुसून काढायची, की बोट फिरवलं तर कुठं सुरुवात, कुठं शेवट, पत्ता लागू नये. कारखाना बंद पडल्यावर ती या दवाखान्यात फरशी पुसायला आली. एक दिवस कवळीच्या खोलीतल्या म्हाताऱ्या कारागिराच्या हातून मेणातला दात निसटला. हिनं पोछा टाकला, काडी पेटवून सुरी तापवली आणि दात जागच्या जागी बसवून दिला. म्हातारा बघतच राहिला. त्यानं तिला पोछ्यावरून उठवून मेणावर बसवलं. पुढं तिनं रीतसर परीक्षा दिली, दोनदा नापास झाली, तिसऱ्यांदा पास झाली. तिच्याहून निम्म्या वयाची मुलं तिच्या बाकावर होती. "त्यांना पुस्तक यायचं, मला मेण यायचं," एवढंच ती त्याबद्दल सांगते.

त्या काळात सरकार गरिबाचे दात फुकट काढायचं, पण फुकट बसवायचं नाही. सकाळी रांग लावायची, दुपारी बोळकं घेऊन घरी जायचं. सात वर्षांपूर्वी योजना बदलली. कमी मिळकतीच्या माणसाला कवळीही मिळायला लागली. पाच फेऱ्या ठरलेल्या. पहिल्या दोन मापाच्या, तिसरी चावा जुळवायची, चौथी मेणाच्या कवळीची, पाचवीला पक्की कवळी. एकदा मिळाली की पुढची पाच वर्षांनी. मग काय, वर्षानुवर्षं मऊ भात गिळणारी माणसं कुठून कुठून आली. वरच्या मजल्यावरच्या खुर्च्या पुरेनात, म्हणून मेणाची फेरी खाली मावशीच्या खोलीतच व्हायला लागली.

मावशीनं पहिली कवळी सासूसाठी केली. सासूनं ती बिस्किटाच्या डब्यात ठेवली आणि फक्त भांडायच्या वेळी घालायला लागली. जेवताना काढून ठेवायची. का, म्हणून विचारलं तर सांगेना. मावशीच्या डोक्यात तिथून किडा शिरला. आपण केलेल्या कवळ्या जातात कुठं? सहा महिने तिनं सुट्टीच्या दिवशी कागदावर पत्ते लिहून घेतले आणि घरोघरी जाऊन विचारलं. नवरा म्हणायचा, "दात दिलेस ना? आता चावण्याचा हिशेबही मागणार का?" तरी गेली. एक कवळी कपात होती, एक देवळीत. एका म्हाताऱ्यानं ती फोटोपुरती ठेवली होती. शिवणकाम करणारी एक बाई दिवसभर कवळी काढून मशीनवर ठेवायची, कारण तिला दोरा दातात धरून तोडायची सवय, आणि दोरा ओढला की वरची कवळी दोऱ्याबरोबर बाहेर यायची. यातल्या एकानंही तक्रार केली नव्हती. फुकट मिळालेल्या गोष्टीची तक्रार कशी करायची, हे त्यांना कुणी शिकवलंच नव्हतं.

तेव्हापासून मावशी माणूस खुर्चीत बसला की आधी धंदा विचारते. योजनेच्या फॉर्मवर उत्पन्नाचा रकाना आहे, कामाचा नाही. दाजीलाही तिनं पहिल्या फेरीत विचारलं होतं. तो म्हणाला होता, "वखारीत दोर धरतो." ते खरंच होतं. शिट्टी मारतो, हे सांगायचं असतं असं त्याला वाटलंच नाही. चालतो, श्वास घेतो, हे कुणी कामात सांगतं का?

मावशी उठली आणि फळीवरून दाजीच्या नंबरचा जुना साचा काढला. दात काढायच्या आधी घेतलेला. तो तिनं हातात फिरवला आणि तिच्या तोंडून निघालं, "अरे देवा. ही माझीच करणी."

साच्यात समोरच्या दोन दातांमधे फट होती, चांगली काडी जाईल एवढी. मेणाच्या कवळीत फट नव्हती. दर दुसरा माणूस तिला सांगतो, मावशी, फट तेवढी बुजवा, जन्मभर लोक हसले. म्हणून दाजीची फट तिनं न सांगताच बुजवली होती, वरची भेट म्हणून.

"मला वाटलं तुम्हाला आवडेल," ती म्हणाली.

"आवडली की," दाजी म्हणाला. "पण वारा तिथनंच जायचा."

मग सुरी दिव्यावर तापली, मेण मऊ झालं आणि दोन दात केसाकेसानं बाजूला सरकले. पुन्हा तोंडात. दाजीनं फुंकलं.

या वेळी सुर्र झालं. कढईत थेंब पडल्यासारखं.

"जवळ आली," दाजी म्हणाला.

"कुठली जवळ?" मेहुणा म्हणाला. "अजून तालुक्याच्या गावात पण नाही."

एवढ्यात वरून डॉक्टरीणबाई उतरल्या. वयानं मावशीच्या मुलीएवढ्या. हातात फॉर्मची चळत. "मावशी, दोन तास एकच पेशंट? बाहेर सहा जण बसलेत. झालं काय?"

मावशीनं सांगितलं. डॉक्टरीणबाईंनी दाजीकडं बघितलं, मग फॉर्मकडं. "खाणे, बोलणे, दिसणे. तीन रकाने आहेत. तिन्ही बरोबर दिसतात मला. शिट्टीचा रकाना नाही."

"कामाचाही नाही बाई. रकान्यात बसत नाही म्हणून नोकरी सोडायची का त्यांनी?"

"मी तसं कुठं म्हणते? पण आज गुरुवार. चारला हंडा लागणार. आज यांची कवळी हंड्यात गेली नाही तर पुढचे दोन गुरुवार भरलेत."

हंडा म्हणजे पाण्याची मोठी टाकी. मेणाच्या कवळीभोवती प्लास्टरचा साचा घालतात, मेण वितळवून काढतात, त्या जागी गुलाबी मसाला भरतात आणि साचा हंड्यात शिजवतात. एकदा शिजली की कवळी दगड. मग तिच्यात फट पाडता येत नाही की बुजवता येत नाही. दोन गुरुवार चुकले म्हणजे महिनाअखेर गेली. आज तशीच शिजवली तर पाच वर्षं फुस्स.

दाजीनं बोटांवर दिवस मोजले.

"साडेतीन वाजता मी परत येते," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "तोवर झालं तर सही करते. नाही तर आहे तशी जाऊ दे. खातील तरी नीट." जाता जाता त्या दारात थांबल्या. "फट केलीत तरी वाजत नाही म्हणजे नवलच आहे. मग वाजते कशानं?"

"तेच तर बघायचंय," मावशी म्हणाली. तिचा आवाज आता बदलला होता. ओशाळेपण गेलं होतं आणि सासूच्या डब्याच्या वेळचा किडा जागा झाला होता.

मेहुण्याला तिनं चहा आणायला पिटाळलं. मग कपाटातून पावडरचा डबा काढला, साधी अंगाला लावायची पावडर. दाजीची वरची कवळी बाहेर काढून पुसून कोरडी केली आणि टाळूच्या बाजूला पावडर भुरभुरली.

"हे काय?"

"तुमची जीभ कुठं कुठं जाते ते बघायचंय. फुंका, पण गिळू नका. मग काही न बोलता आ करा."

दाजीनं फुंकलं. सुर्र. मावशीनं कवळी अलगद काढून खिडकीच्या उजेडात धरली. जीभ जिथं टेकली तिथली पावडर गेली होती, बाकी पांढरं होतं. दातांच्या मागं, अगदी दातांना चिकटून, एका दाढेपासून दुसऱ्या दाढेपर्यंत सगळं पुसलेलं. मधे वाऱ्याला वाटच नव्हती.

"जीभ वर जाऊन सपाट चिकटते तुमची," ती म्हणाली. "ओल्या भिंतीवर कागद चिकटावा तशी. वारा जाणार कुठून?"

"पूर्वी नाही चिकटायची."

"पूर्वी काय होतं तिथं?"

"मला काय माहीत? स्वतःची टाळू कुणी बघितलीय?"

मावशीनं जुना साचा पुन्हा घेतला आणि या वेळी दातांकडं बघितलंच नाही. डोळे मिटून तिनं साच्याच्या टाळूवरून बोट फिरवलं. समोरच्या दातांच्या मागं खोलगट खळगा लागला. त्याच्या मागं आडव्या वळ्या, एकामागं एक, वाळूवर वारा फिरल्यासारख्या. मग तेच बोट तिनं आपल्या मेणाच्या कवळीवरून फिरवलं. काही लागलं नाही. बोट घसरत मागं गेलं. खळगा भरलेला, वळ्या नाहीत, सगळं गुळगुळीत.

ती खुर्चीच्या हातावर टेकली आणि हसली. "तेरा वर्षं घासलं ते काही जात नाही."

"काय झालं?"

"मेणबत्ती केलीय मी तुमच्या टाळूची. बोट फिरवलं तर कुठं काही लागू नये. सगळ्यांच्या अशाच करते. डॉक्टर लोक म्हणतात, मावशीचं काम आरशासारखं. आरशावर कुणाची जीभ ठरेल?"

तिनं सर्वांत बारीक सुरी निवडली. समोरच्या दातांच्या मागचं मेण खरवडायला घेतलं, थोडं, मग आणखी थोडं, मेणाखालची आधाराची पातळ पट्टी दिसेपर्यंत. त्याच्या पुढं जायची सोय नव्हती, कवळी तिथंच चिरली असती. मग सुरीच्या टोकावर मेणाचा थेंब घेऊन, जुना साचा शेजारी ठेवून, एकेक वळी ओढायला लागली. हात तिचा आपोआप गुळगुळीत करायला जायचा. दोनदा तिनं स्वतःच्याच मनगटावर चापट मारली. पाठीमागं घड्याळात सव्वातीन झाले.

"तोंड पुसा. आ करा."

पावडर पुन्हा भुरभुरली. दाजीनं फुंकलं. सूर निघाला, पण वर जाऊन फाटला. मावशीनं काढून बघितलं. आता पावडरीत मधोमध चिंचोळी पांढरी वाट उरली होती, पण डावीकडं वळलेली. तिनं डावीकडची वळी एक कणभर वाढवली.

"आता थांबची मारा. दोन आखूड."

दाजीनं मान थोडी खाली केली, दोर धरल्यासारखे दोन्ही हात पुढं आले, ते त्याचं त्यालाही कळलं नसावं. त्यानं मारली.

फळीवरचे जबडे किणकिणल्यासारखे वाटले. बाहेरच्या बाकावरची एक म्हातारी "अगं बाई" म्हणाली. मावशीनं खिडकीतून बाहेर बघितलं. सायकली लावायच्या जागेवरून मेहुणा चहाचे तीन पेले घेऊन येत होता. तो चालता चालता जागच्या जागी थांबला होता, एक पाय पुढं, पेले छातीशी, चहा हातावर सांडलेला. त्याला कुणी काही सांगितलं नव्हतं. तो तसाच उभा राहिला.

"आता सोडा की त्याला," मावशी म्हणाली.

दाजीनं एक लांब मारली. मेहुणा हलला.

आत आल्यावर त्यानं पेले टेबलावर ठेवले, पोळलेला हात झटकला आणि दाजीकडं न बघता म्हणाला, "चहा सांडला. तुमच्या वाटणीचा."

डॉक्टरीणबाई साडेतीनला आल्या तेव्हा त्यांना दोनदा ऐकवावी लागली. दुसरी वेळ त्यांनी नुसती हौसेनं मागितली. मग कवळी उलटी करून त्या वळ्यांवरून स्वतःचं बोट फिरवून बघितलं. "हे सगळ्यांना असं का करत नाही आपण?" त्यांनी विचारलं.

"मला आजच कळलं बाई."

फॉर्मवर त्यांनी 'बोलणे' च्या रकान्यात बारीक अक्षरात लिहिलं, कामाच्या ठिकाणचे बोलणे शिट्टीने, तपासले, समाधानकारक. आणि सही केली.

पुढच्या गुरुवारी पक्की कवळी बसली. मेणातल्यापेक्षा आवाज जरा जाड आला, असं मेहुण्याचं म्हणणं, पण क्रेनवर त्याला पहिल्याच दिवशी कळला आणि मुकादमानं झाडू काढून घेतला. हे नंतरचं.

त्या दिवशी मात्र चारला वीस मिनिटं कमी होती. दाजी खुर्चीतून उठून काहीतरी म्हणायला लागला, तर मावशीनं कवळी डॉक्टरीणबाईंच्या हातातून घेतली आणि त्याला बाजूला व्हायला सांगितलं. वाटीत पाणी घेतलं, त्यात प्लास्टर सोडलं आणि घोटायला लागली. प्लास्टर भिजलं की दोन मिनिटांत धरतं, त्याला कुणाचं ऐकून घ्यायला वेळ नसतो. वळ्यांवर तिनं पहिला थर ब्रशनं लावला, एकेका खाचेत, बुडबुडा राहू नये म्हणून फुंकर घालत. बाकीचा साचा भरला, झाकण बसवलं, पेच फिरवून आवळला.

"पुढचे कोण आहेत, या आत," ती म्हणाली, आणि हात धुवायला नळाकडं वळली.